चार स्क्रूंवर उभा असलेला बाजार

विजेवर चालणाऱ्या बेस गिटारच्या खरेदीविक्रीचे व्यवहार समजून घ्यायचे असतील, तर तिच्या आवाजाआधी तिची बांधणी पाहावी लागते, कारण हे वाद्य जन्मापासूनच सुटे करता येईल, दुरुस्त करता येईल आणि म्हणूनच एका वादकाकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकेल अशा रीतीने घडवले गेले. 1951 साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला, तेव्हा अमेरिकेतील नृत्यसंगीताच्या वाद्यवृंदांत खर्जाची बाजू डबल बेस हे व्हायोलिनच्या कुळातील, माणसाच्या उंचीचे आणि उभे धरून वाजवायचे वाद्य सांभाळत असे. ते मोटारीत धड मावत नसे, ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गजरात ऐकू येत नसे, आणि त्याच्या पट्टीवर पडदे नसल्यामुळे सूर नेमका लागणे सर्वस्वी वादकाच्या कानावर आणि बोटांवर अवलंबून असे. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यांनी पोकळ पेटीच्या जागी भरीव लाकडाची बॉडी घेतली, पट्टीवर धातूचे पक्के पडदे ठोकले, ज्यांना वादक फ्रेट म्हणतात, आणि ही पट्टी ज्या लांब दांडीवर असते ती नेक सरसाने न चिकटवता बॉडीला चार स्क्रूंनी आवळली.

या चार स्क्रूंचे महत्त्व कारखान्यापुरते नव्हते. व्हायोलिन किंवा पारंपरिक गिटार यांची मान पेटीत खाचून चिकटवलेली असते, ती मोडली की कुशल कारागिराकडे जावे लागते आणि दुरुस्तीचा खर्च कित्येकदा वाद्याच्या किमतीच्या घरात जातो; फेंडरच्या वाद्यात मात्र नेक वाकली, फ्रेट झिजले किंवा तारांचे कंपन टिपणारा पिकअप बिघडला, तर तेवढाच भाग काढून दुसरा बसवता येतो. सतत प्रवासात असणाऱ्या वादकाला हे वरदान ठरले. पण सुटे भाग बदलता येणे याचाच दुसरा अर्थ असा की, विक्रीला आलेल्या जुन्या बेसमधले काय मूळचे आणि काय नंतरचे, हा प्रश्न प्रत्येक व्यवहारात उभा राहतो. संग्राहक आणि कार्यक्रम वाजवून पोट भरणारा वादक या प्रश्नाला दोन अगदी वेगळी उत्तरे देतात, आणि बेसच्या बाजारातील बहुतेक गोंधळ ही दोन उत्तरे एकमेकांत मिसळल्यामुळे होतो.

आधी वाद्याविषयी थोडे. चार तारांच्या बेसमधील सर्वांत जाड तार मोकळी छेडली असता तिची कंपने सेकंदाला सुमारे 41 असतात. इतका खोल स्वर पुरेशा ताणासह मिळवायचा तर तार लांब हवी, म्हणून फेंडर यांनी कंप पावणाऱ्या तारेची लांबी 34 इंच ठेवली आणि हे माप पुढे जवळपास सर्वमान्य झाले. तारांखाली असलेला पिकअप म्हणजे चुंबकांभोवती हजारो वेढे घेतलेल्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे होय. पोलादी तार चुंबकीय क्षेत्रात हलली की वेटोळ्यात अत्यल्प विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तोच पुढे अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. 1957 मध्ये प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत विभागून त्यांचे वेढे आणि चुंबक परस्परांच्या उलट ठेवण्यात आले, त्यामुळे वीजवाहिन्यांमधून येणारी गुणगुण आपोआप कटू लागली. 1960 मध्ये अधिक निमुळत्या नेकचा आणि दोन पिकअपांचा जॅझ बेस आला, तर 1976 मध्ये म्युझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरेने नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा प्रवर्धक बेसच्या पोटातच बसवला. अशा वाद्यांना 'अ‍ॅक्टिव्ह' म्हणतात. त्यांत केबल खोचली की बॅटरी खर्च होऊ लागते, म्हणून कार्यक्रम संपताच केबल काढण्याची सवय वादकाला लावून घ्यावी लागते. आज बाजारात दिसणारे बहुसंख्य बेस या तीन नमुन्यांच्याच आसपास फिरतात.

संग्राहकांच्या बाजारात 1965 हे साल सीमारेषा मानले जाते. त्या वर्षाच्या जानेवारीत फेंडर कंपनी सुमारे 1 कोटी 30 लाख डॉलरना सीबीएस या प्रसारण कंपनीने विकत घेतली, आणि त्यानंतर उत्पादन वाढवण्याच्या ओढीत कारागिरी घसरली, अशी वादकांमध्ये पक्की समजूत आहे. तिच्यात तथ्य आहे, परंतु ती जितक्या सरसकटपणे सांगितली जाते तितकी खरी नाही, कारण सीबीएसच्या काळातही उत्तम वाद्ये बनली आणि आधीच्या काळातही सुमार वाद्ये कारखान्याबाहेर पडलीच. तरीही सीमारेषेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बेसच्या किमतीत मोठी तफावत असल्यामुळे वाद्याचे वय ठरवणे हे जाणकाराचे काम बनले आहे. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. जाणकार प्रथम चार स्क्रू काढून नेक अलगद सोडवतो आणि तिच्या टाचेवर पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याने उमटवलेली तारीख पाहतो. मग आवाजाच्या आणि टोनच्या बटणांखालचे झाकण उघडून आतल्या पॉटवर, म्हणजे प्रवाह कमीजास्त करणाऱ्या फिरत्या घटकावर, कोरलेला आकडा वाचतो. हा आकडा 1376625 असा असेल, तर पहिले तीन अंक सीटीएस या उत्पादकाचे, पुढचे दोन 1966 सालाचे आणि शेवटचे दोन त्या वर्षातील पंचविसाव्या आठवड्याचे असतात. पॉट मूळचाच असेल, तर यावरून बेस त्याआधीचा नाही एवढेच सिद्ध होते. तो नंतरचा असू शकतो, कारण कारखान्यात पॉटचा साठा असे आणि 1966 चे पॉट पुढच्या काही वर्षांच्या वाद्यांतही सापडतात. अनुक्रमांक तर नेकच्या सांध्यावरील धातूच्या पट्टीवर असतो, ती पट्टी त्याच चार स्क्रूंनी बसवलेली असते आणि म्हणून कोणालाही बदलता येते. तिच्यावर एकटीवर विसंबून मोठी रक्कम मोजणे धोक्याचे आहे. मूळ रंग खरवडून नवा चढवलेला असेल तर किंमत साधारण निम्म्यावर येते, असा विक्रेत्यांचा ठोकताळा आहे.

नेमक्या याच ठिकाणी काम करणाऱ्या वादकाचा फायदा आहे. दुसरा रंग, बदललेला पिकअप, नव्याने ठोकलेले फ्रेट, खुंट्यांच्या जागी बसवलेल्या दुसऱ्या खुंट्या हे सगळे संग्राहकाच्या दृष्टीने दोष असले तरी वाजवताना त्यांचा उपद्रव होत नाही, उलट नवे फ्रेट असलेला जुना बेस बहुधा अधिक चांगला वाजतो. फेंडरची जपानी शाखा 1982 मध्ये सुरू झाली, तेव्हा तिथे बनलेले स्क्वायर नावाचे बेस स्वस्त पर्याय म्हणून विकले गेले होते. पण त्यांची घडण इतकी नेटकी होती, की आज त्या पहिल्या वर्षांतील वाद्यांना स्वतःचा असा ग्राहकवर्ग आहे. नावापेक्षा बांधणीकडे पाहणाऱ्यांनी ती आधीच घेऊन ठेवली होती.

बांधणी पाहायची म्हणजे काय, हे नवख्या ग्राहकाला क्वचितच कोणी सांगते. सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी आणि मधल्या सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातील फट पाहावी. तिथून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावे, एवढी ती असली म्हणजे नेकचा बाक ठीक आहे. फट फार मोठी असेल किंवा मुळीच नसेल, तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण नेकच्या आत ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते आणि तिची चक्री पाव आटा फिरवून बाक कमीजास्त करता येतो. मात्र ती चक्री जाम झालेली असेल, किंवा शेवटपर्यंत आवळूनही नेक सरळ होत नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी तो बेस घेऊ नये. नेकला पीळ पडलेला असेल तर सळईचाही उपयोग होत नाही. पुढे प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहावी, कुठे खडखड होते आणि कुठे स्वराची आस लवकर विरते हे ऐकावे. फेंडर धाटणीच्या बेसमध्ये सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर चटकन मरतो, हा या रचनेचा ठाऊक असलेला गुण आहे आणि तो थोड्याफार प्रमाणात बहुतेक वाद्यांत आढळतो. शेवटी बेस पट्ट्याने खांद्याला लावून निदान अर्धा तास उभे राहावे. चार किलोचा आणि पाच किलोचा बेस दुकानात सारखेच वाटतात, पण तीन तासांच्या कार्यक्रमात त्या एका किलोचा हिशेब पाठीला द्यावा लागतो, आणि नेकची बाजू सारखी खाली झुकत असेल तर डाव्या हाताला वाजवण्याबरोबर वाद्य सावरण्याचेही काम करावे लागते.

तारांविषयी एक उदाहरण पुरेसे आहे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या 1960च्या दशकातील असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन 1962 च्या प्रिसिजनवर वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा वापरत आणि तुटल्याखेरीज त्या बदलत नसत; त्यामुळे त्यांच्या आवाजाला तो गोल, दबका, ठोकल्यासारखा पोत आला. याउलट इंग्लंडमध्ये 1966च्या सुमारास बेसवादक जॉन एंटविसल यांच्या गरजेनुसार रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीने गोल तार गुंडाळलेल्या राउंडवाउंड तारा विकसित केल्या, ज्यांचा आवाज पियानोच्या खालच्या सप्तकासारखा लखलखीत असतो. आपल्या बेसचा आवाज आवडत नाही म्हणून तो विकायला काढणाऱ्याने आधी दुसऱ्या जातीच्या तारा लावून पाहाव्यात.

बेसपेक्षा अधिक पैसा चुकीच्या ठिकाणी जातो तो अ‍ॅम्प्लिफायरवर. 1969 मध्ये अँपेग कंपनीने एसव्हीटी हा 300 वॅटचा अ‍ॅम्प आणला, त्याच वर्षीच्या रोलिंग स्टोन्सच्या अमेरिकेतील दौऱ्यात तो वापरला गेला, आणि पुढची कित्येक वर्षे मोठ्या मंचावरील बेस म्हणजे एसव्हीटी असे समीकरण होऊन बसले. त्याच्या माथ्यावरील निर्वात नळ्यांचा अ‍ॅम्प सुमारे 38 किलोचा आणि खालची आठ स्पीकरांची पेटी साठ किलोंहून जड, म्हणजे दोन्ही मिळून शंभर किलोंच्या घरात जातात. आज डी वर्गाचे म्हणून ओळखले जाणारे अ‍ॅम्प दोन-तीन किलोंत 500 वॅट देतात, कारण त्यांतील ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद होत असल्याने उष्णता फार कमी वाया जाते, आणि वीजपुरवठाही जड ट्रान्सफॉर्मरऐवजी तशाच उघडझाप करणाऱ्या मंडलातून घेतला जातो. स्पीकरमध्येही जड फेराइटऐवजी निओडिमियम चुंबक आल्यामुळे पेट्या हलक्या झाल्या. याची दुसरी बाजू अशी की, नळ्यांचा अ‍ॅम्प पन्नास वर्षांनीही उघडून एकेक घटक बदलता येतो, तर डी वर्गाच्या अ‍ॅम्पमधील पाटी जळाली आणि कंपनीने ती बनवणे थांबवले असेल, तर दुरुस्ती जवळजवळ अशक्य होते. म्हणून अशा अ‍ॅम्पसाठी जुन्या बाजारात जास्त किंमत मोजू नये.

वॅटचा आकडा विक्रीच्या जाहिरातींत सर्वांत ठळक असतो आणि सर्वांत जास्त दिशाभूल तोच करतो. शक्ती दुप्पट केल्यास आवाजाची पातळी फक्त तीन डेसिबलने वाढते, आणि माणसाच्या कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी ढोबळमानाने दसपट शक्ती लागते. त्यामुळे 300 आणि 500 वॅटच्या अ‍ॅम्पमधील फरक सुमारे दोन डेसिबलचा, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका असतो. त्याच शक्तीत जास्त आवाज देणारा कार्यक्षम स्पीकर घेणे, किंवा दुसरी पेटी जोडणे, हा अधिक शहाणा खर्च आहे. पेट्या जोडताना मात्र ओहम या एककात मोजला जाणारा विद्युतरोध पाहिला पाहिजे: आठ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की एकूण रोध चार ओहम होतो आणि बहुतेक अ‍ॅम्पना तेवढा चालतो, पण तिसरी जोडली की तो तीनच्याही खाली जातो आणि अ‍ॅम्प बंद पडू किंवा जळू शकतो. जुनी पेटी घेताना जाळी काढून स्पीकरचा कागदी शंकू दोन्ही हातांच्या बोटांनी सारख्या दाबाने अगदी हळू आत ढकलावा. आतून खरखर ऐकू आली, तर वेटोळे चुंबकाला घासत आहे आणि तो स्पीकर फार दिवस टिकणार नाही.

एवढे करूनही श्रोत्यांना जो बेस ऐकू येतो तो बहुतेक वेळा अ‍ॅम्पमधून आलेलाच नसतो. डीआय बॉक्स नावाची तळहाताएवढी डबी पिकअपचा नाजूक संकेत दोन तारांवर परस्परविरुद्ध रूपात पाठवते, त्यामुळे लांब केबलमध्ये शिरलेला गोंगाट दुसऱ्या टोकाला कटून जातो आणि स्वच्छ संकेत थेट ध्वनिमिश्रकाच्या पाटीवर पोहोचतो. मोटाउनच्या स्टुडिओतही जेमर्सन यांचा बेस असाच थेट पाटीत घेतला जात असे. सभागृहातील मोठे स्पीकर या संकेतावर चालतात, तर मंचावरचा अ‍ॅम्प वादकाला आणि शेजारच्या ढोलकीवाल्याला किंवा ड्रमवाल्याला ऐकू यावे इतकेच काम करतो. म्हणून ज्याची मिळकत कार्यक्रमांवर आहे त्याने खर्चाचा क्रम असा ठेवावा: प्रथम नीट जुळवून घेतलेला बेस, मग दोन भरवशाच्या केबल, मग चांगला डीआय आणि त्यानंतर उरलेल्या पैशांत अ‍ॅम्प. बाजारात पाहिले तर हाच क्रम बहुतेक वेळा उलटा झालेला दिसतो.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या वाद्याची मुळे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत आणि त्यांतील गोमंतकीय वादकांत आहेत. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत बेस वाजवणारे टोनी वाझ हे त्यांतले ठळक नाव. मुंबईत धोबीतलावचे 1865 पासूनचे फुर्टाडोज हे वाद्यांचे दुकान संगीतकारांच्या पिढ्यांना परिचित आहे. आज गणेशोत्सवाच्या मंडपापासून लग्नाच्या लॉनपर्यंत जिथे ऑर्केस्ट्रा वाजतो, तिथे एक धोका मात्र सर्रास दुर्लक्षिला जातो. जनरेटरवरच्या तात्पुरत्या वायरिंगमध्ये अर्थिंग नसले, तर बेसच्या तारा त्या जिथे बॉडीवर टेकतात त्या धातूच्या ब्रिजमार्गे अ‍ॅम्पच्या अर्थला आणि माइक दुसऱ्याच यंत्रणेच्या अर्थला जोडलेला असतो, आणि तारेवर हात ठेवून ओठ माइकला लावणाऱ्या वादकाच्या शरीरातून प्रवाह वाहू शकतो. 1972 मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या गटाचे गिटारवादक लेस हार्वे यांचा माइकला स्पर्श होताच मंचावरच मृत्यू झाला होता. कार्यक्रमाआधी मल्टिमीटरचे एक टोक तारेला आणि दुसरे माइकच्या जाळीला लावून व्होल्ट मोजण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. गुणगुण घालवण्यासाठी डीआयवरील अर्थ तोडणारा खटका वापरावा, अ‍ॅम्पच्या प्लगची तिसरी पिन कधीही काढू नये. परदेशातील नातेवाइकांकडून अ‍ॅम्प मागवणाऱ्यांनीही मागच्या पट्टीवर काय लिहिले आहे ते आधी विचारावे: अमेरिकेतील वीज 120 व्होल्टची आणि भारतातील 230 व्होल्टची असल्याने तिथला प्रत्येक अ‍ॅम्प इथे चालेलच असे नाही.

विकणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर चार स्क्रूंचा नियम पुन्हा लागू होतो. पिकअप, ब्रिज किंवा खुंट्या बदलल्या तर मूळचे भाग फेकू नयेत, कागदात गुंडाळून वाद्याच्या पेटीतच ठेवावेत, कारण नव्या भागांवर केलेला खर्च विक्रीच्या किमतीत जवळजवळ कधीच परत येत नाही, पण मूळ भागांसह दिलेले वाद्य वेगळ्या भावाला जाते. बदललेले भाग वेगळे विकावेत आणि बेस पूर्ववत करून द्यावा. दुकानदार थेट ग्राहकापेक्षा कमी रक्कम देतो. त्याला वाद्य दुरुस्त करायचे असते, त्याची हमी द्यायची असते आणि ते कधी विकले जाईल ते ठाऊक नसते, म्हणून त्यात फसवणूक पाहण्याचे कारण नाही, पण घाई नसेल तर थेट विक्री बरी. टाचेची तारीख, पॉटवरील आकडे आणि प्रत्येक ओरखडा यांची छायाचित्रे न मागता दिली की भाव करण्यात जाणारा वेळ वाचतो. दूरगावी पाठवताना नेक काढून, बॉडीच्या शेजारी वेगळी गुंडाळून पाठवता येते. गिब्सनच्या थंडरबर्डसारख्या बेसमध्ये ही सोय नसल्यामुळे प्रवासात खुंट्यांचा माथा मोडण्याचे प्रकार वारंवार घडतात.

अनुक्रमांक आणि छायाचित्रे जपून ठेवण्याचे आणखी एक कारण चोरी हे आहे. जेमर्सन यांचा 1962 चा प्रिसिजन 1983 मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या थोडेच दिवस आधी चोरीला गेला आणि पुन्हा सापडला नाही. पॉल मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये हँबुर्गला सुमारे 30 पौंडांना घेतलेला होफ्नर बेस 1972 मध्ये लंडनमध्ये एका गाडीतून चोरीला गेला आणि तो परत मिळाल्याचे जाहीर व्हायला 2024 साल उजाडले. चोरीचा माल विकत घेणाऱ्याचे पैसे बुडतात आणि वाद्यही जाते, म्हणून जुना बेस घेताना विक्रेत्याचे नाव, अनुक्रमांक आणि रक्कम असलेली साधी पावती दोघांनीही घ्यावी.

देशाबाहेर खरेदीविक्री करणाऱ्यासाठी लाकडाचा कायदाही महत्त्वाचा आहे. 1959 पासून फेंडरच्या पट्ट्यांसाठी रोजवूड वापरले जाऊ लागले. आरंभी ते ब्राझीलचे होते आणि 1960च्या दशकाच्या मध्यापासून भारतीय, म्हणजे सह्याद्रीच्या जंगलांतही वाढणारी आपली शिसवी, त्याच्या जागी आली. ब्राझिलियन रोजवूड 1992 पासून वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. 2017 च्या जानेवारीत शिसवीच्या वंशातील बाकीची सारी झाडे दुसऱ्या यादीत आली, तेव्हा साध्या बेसलाही विक्रीसाठी सीमा ओलांडताना परवाने लागू लागले आणि कारखान्यांनी पट्ट्यांसाठी इतर लाकडे शोधली. 2019 च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ही सूट ब्राझिलियन रोजवूडला लागू नाही, त्यामुळे 1960च्या सुमाराचा बेस परदेशातून मागवताना किंवा तिकडे विकताना पट्टी कोणत्या लाकडाची आहे हे लेखी मागून घ्यावे आणि परवाना हाती आल्यावरच रक्कम पाठवावी.